आवाज जाईपर्यंत बोलत राहा

बीड जिल्ह्यात लग्न असो, यात्रा असो, कबड्डीचे सामने असोत, माईकवर मी असतो. अक्षता कधी टाकायच्या ते मी सांगतो, पहिल्या पंगतीला कुणी बसायचं ते मी सांगतो, आणि मुलीचे मामा ऐन मुहूर्ताला कुठं गायब झाले हेही सगळ्या मांडवाला मीच सांगतो. नारायणगडाच्या यात्रेत हरवलेली पोरं, हरवलेल्या चपला आणि एकदा एक हरवलेली सासूही मी शोधून दिली आहे. सासूबाई सापडल्यावर जावयानं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, जरा कमी आवाजात पुकारलं असतं तर बरं झालं असतं.

अशा माणसाचं तोंड हळूहळू बंद होत गेलं, आणि सुरुवातीला ते पाणीपुरीवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

सिरसाळ्याच्या बाजारात एका कार्यक्रमाआधी मी पाणीपुरी खायला उभा होतो. पुरी ओठांपर्यंत गेली आणि तिथंच अडली. पाणी शर्टावर. पाणीपुरीवाला म्हणाला, "पुरी मोठी लागली का साहेब?" मी म्हणालो, "पुरीला सांग, आत यायचं तर वाकून यावं लागतं." तो हसला, मीही हसलो. त्यानंतर पाणीपुरी मी फोडून खाऊ लागलो. पुढं भाकरी आमटीत मऊ होईपर्यंत कुस्करू लागलो. जांभई आली की कानापुढं कळ यायची, म्हणून जांभई गिळायला शिकलो. माईकवर तर मी मुरलेला माणूस. माईक ओठांना चिकटवायचा, अर्धं काम छातीनं करायचं, अर्धं नाकानं. लोक म्हणायला लागले की आवाजात आता वजन आलंय.

हे वजन कशाचं ते आमच्या भाईला माहीत होतं, कारण ते त्याच्याच हातून आलं होतं. भाई म्हणजे माझा साउंडवाला. राहणार बीडचा; त्याचे वडील सायकली दुरुस्त करायचे, हा स्पीकर दुरुस्त करतो. आम्ही दोघं एकत्र इतकी वर्षं फिरलो की एखाद्या गावात मी एकटा दिसलो तर लोक विचारतात, भाई आजारी आहे का. आमचा एक रिवाज होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी भाई माईकवर बोटानं दोनदा टकटक करायचा, मग डाव्या तळहातावर चोळून ठेवलेल्या माव्यातली एक चिमूट माझ्या तळहातावर ठेवायचा. सुपारी, तंबाखू, चुना. ती गालात गेली की मी म्हणायचो, "मंडळी." यजमान नारळ फोडायचे, आम्ही मावा चोळायचो. ती चिमूट घेतल्याशिवाय माझ्या तोंडून कधी 'मंडळी' निघालं नव्हतं.

मग उजव्या गालात आतून एक फोड आला, आणि तो काही जाईना. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. बायकोनं दातांच्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं बीडच्या सर्जनकडं पाठवलं. सर्जननी गालातला कणभर तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्याभरानं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं, दार लावून घेतलं, आणि दार लावलं तेव्हाच मला सगळं कळलं. एवढी वर्षं लोकांना बातम्या दिल्यात मी. वाईट बातमीच्या आधी माणूस काय करतो ते मला माहीत आहे.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "पण लहान आहे. आत्ता काढला तर चांगली आशा आहे. माव्यानं गालात आवळत गेलेले पट्टेही त्याच वेळी सोडवू."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिनं विचारलं, "मग कधी काढायचं?"

"ते भूलवाल्या मॅडमना विचारू. कापायचं काम माझं आहे, पण ह्यांना झोपवायचं कसं हा मोठा प्रश्न आहे."

मला हसू आलं. मला झोपवणं अवघड, ही तक्रार माझ्या आईनंतर पहिल्यांदाच कुणी केली होती.

भूलवाल्या मॅडम माझ्याच वयाच्या, केस मागं घट्ट बांधलेले. त्या एका दवाखान्याच्या नव्हत्या. गाडीत स्वतःची पेटी टाकून बीडमधल्या पाच-सात दवाखान्यांत फिरायच्या. म्हणजे आमच्यासारख्याच, सामान घेऊन कार्यक्रमाला जाणाऱ्या. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

मी म्हणालो, "उघडलंय."

त्यांनी बॅटरी मारली, खाली वाकून बघितलं. "हे उघडलेलं आहे?"

"ह्याच्या पलीकडं गेट जात नाही मॅडम."

त्यांनी मला माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. दोन तर सोडाच, एकच गेलं आणि तेही नखापर्यंत. बायको हे पहिल्यांदाच बघत होती. घरी मी वाटीत तोंड खुपसून जेवायचो, तेव्हा तिला वाटायचं की मला जेवणात गोडी राहिली नाही. ती म्हणाली, "अहो, हे कधीपासून?" मी बोट काढून शर्टाला पुसलं.

मग मॅडमनी सांगितलं ते असं. भुलीचं औषध गेलं की माणूस नुसता झोपत नाही, त्याचा श्वासही थांबतो. तो श्वास त्या चालवतात, श्वासनळीत एक नळी घालून. एरवी माणूस झोपल्यावर तोंड उघडायचं, दिव्याच्या पात्यानं जीभ उचलायची आणि नळी सरकवायची. काही क्षणांचं काम. माझ्या तोंडात तो दिवा जाणारच नव्हता. "आधी झोपवलं आणि मग रस्ता सापडला नाही," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही माझ्यासमोर काळेनिळे पडाल आणि मला काही करता येणार नाही. म्हणून आधी नळी, मग झोप."

"म्हणजे नळी घालताना मी जागा?"

"पूर्ण जागे. नाकातून जाऊ. पुढं बारीक कॅमेरा असतो, त्याच्या मागं नळी. मी औषधानं सगळं बधिर करीन. पण तुम्हाला मला मदत करावी लागेल. घाबरून हात मारले तर जमणार नाही."

"आणि नाकातून नाही गेली तर?"

त्यांनी स्वतःच्या गळ्यावर खाली, हाडाच्या खळगीच्या वर बोट ठेवलं. "इथं भोक पाडून. डॉक्टर शेजारी तयार उभे असतील."

"मग माझा आवाज?"

"त्या वेळी मी आवाजाचा विचार करणार नाही. श्वासाचा करीन." मग माझा चेहरा बघून त्या थोड्या मऊ झाल्या. "ते भोक नंतर बुजतं. आवाज परत येतो. बहुतेकांचा."

शब्दांवरच जगतो मी. 'बहुतेकांचा' हा शब्द मी घरी घेऊन आलो आणि तो घरभर माझ्या मागं फिरत राहिला. 'बहुतेक पाहुणे जेवून गेले' असं मी कितीदा माईकवर म्हणालोय. उपाशी राहिलेल्यांचं काय, हे कधी विचारलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर झोपवलं. सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लं-प्यालं?" मी म्हणालो, "पाण्याचा थेंब नाही." बायकोनंही मान हलवली. मग ती खाली मेडिकलवरून औषधं आणायला गेली, आणि जिन्यातून भाई आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, जणू मोठ्या घरचं लग्न आहे. तो माझ्या उशाशी उभा राहिला. मग त्यानं गाडीच्या लोखंडी कठड्यावर बोटानं दोनदा टकटक केलं आणि डावा हात उघडला.

"घे बे उस्ताद. मोठा कार्यक्रम हाय."

खरं सांगतो, त्या क्षणी ना त्याच्या मनात काही आलं ना माझ्या. हात आपोआप पुढं झाला. चिमूट गालात गेली, डाव्या, बऱ्या गालात. छाती जरा मोकळी झाली. भाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो म्हणाला, "जा. आता बोल मंडळी."

आत मॅडमनी वाफेचं यंत्र लावायच्या आधी बॅटरी घेऊन लाकडी पट्टीनं गाल बाजूला केला. त्या थांबल्या. कापसाच्या बोळ्यावर काहीतरी काळं-तांबडं बाहेर काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"हे काय आहे?"

"मावा."

"तुम्ही काही खाल्लं नाही म्हणालात."

"मॅडम, हे खाणं नसतंय."

खोलीत कुणी हसलं नाही. सर्जननी हातमोजे काढले. मॅडम हळू आवाजात बोलल्या, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटलं. सुपारीचे हे कण त्यांच्या नळीबरोबर माझ्या फुप्फुसात उतरले असते. रस गिळला तो पोटात गेलाच आहे. आणि कॅमेऱ्यासमोर सगळं काळं झालं असतं. त्यांना ना रस्ता दिसला असता, ना मी जगतोय की नाही ते. "उद्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या दारात मी स्वतः उभी राहीन."

मला तसंच ढकलत बाहेर आणलं. बायको दारात औषधांची पिशवी घेऊन उभी. तिला वाटलं, झालं ऑपरेशन. सिस्टरनी सांगितलं काय झालं ते. तिनं पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि भाईकडं वळली.

"भाईजी, तुमी त्यांना माराया आलते का?"

"भाबी, म्या धीर द्यायला आलतो."

"धीर पुडीत मिळतो का?"

"न्हाई भाबी. पण ह्यानं कावून घेतलं? ह्याला कळत न्हाई का, आत जायचंय?"

"त्यांना कळत असतं तर तुमच्या नादी लागले असते का?"

भाईनं खिशातली पुडी काढली आणि भिंतीजवळच्या डब्यात टाकली, तिला दिसेल अशी. दुसऱ्या खिशातली टाकली नाही. मी आडवा होतो, मला बरोबर दिसलं. माझ्या मनात आलं, ही गोष्ट पुढं कधीतरी सांगायला मजा येईल. आता सांगतोय तर येत नाही.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. त्यांनी भाईकडं बघितलं, त्याच्या ओठांच्या कडा बघितल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही उघडा जरा तोंड."

भाई एक पाऊल मागं सरला. "माझं काय मॅडम. बोलायचं काम ह्याचं. मी निस्तं वायर लावतो." आणि तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी भाई आलाच नाही. मॅडम खरंच दारात उभ्या होत्या. त्यांनी गालात बॅटरी मारली, जिभेखाली मारली, आणि मगच गाडी आत घेतली.

नाकात औषधाचे कापसाचे बोळे घातले. वाफेतून कडू औषध ओढायला लावलं. घशात फवारे मारले. हळूहळू माझा घसा माझ्या मालकीचा राहिला नाही. थुंकी गिळली तरी गिळल्याचं कळेना. गळ्यातून बारीक सुई टोचली तेव्हा असा खोकला आला की वाटलं, जीव खोकल्यातूनच बाहेर पडतोय. त्याच गळ्यावर सर्जननी निळ्या शाईनं एक आडवी रेघ मारली होती. ते उजव्या बाजूला हात वर धरून उभे होते. सुरी झाकलेली होती, पण कुठं आहे ते मला माहीत होतं.

मॅडम डोक्याशी उभ्या राहिल्या. "आता बोलत राहा," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. नळी आवाजाच्या पट्ट्यांमधून खाली गेली की आवाज बंद होतो. तुमचा आवाज गेला की मला कळेल, बरोबर ठिकाणी पोचलो. म्हणून आवाज जाईपर्यंत बोलत राहा. हलायचं मात्र नाही."

आयुष्यभर लोकांनी मला सांगितलं की आता बास करा. कार्यक्रमात एवढा वेळ बोलण्याची खुली परवानगी मला पहिल्यांदाच मिळत होती, आणि ती कशासाठी तर आवाज घालवण्यासाठी. नाकातून काहीतरी आत सरकत होतं. दुखत नव्हतं, पण आपल्या घरात कुणीतरी परकं चालत असावं तसं कळत होतं. मी सुरू केलं. जीभ जड, शब्द बोबडे.

"मंडळी, नवरदेव मांडवात आलेले आहेत."

सिस्टरच्या डोळ्यांच्या कडा हलल्या.

"अक्षता सर्वांना पोचल्या का? मागच्या बाजूला द्या. अक्षता फेकू नका, नवरदेवाला लागतात."

मॅडमनी कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा शेजारचा पडदा जरासा माझ्याकडं वळवला, की तो आधीच वळलेला होता, मला नक्की सांगता येणार नाही. त्यावर गुलाबी, ओला बोगदा होता आणि बोगद्याच्या टोकाला दोन पांढऱ्या पट्ट्या. मी बोललो की त्या जवळ यायच्या, थरथरायच्या. गप्प झालो की बाजूला व्हायच्या. एवढंच. माझी यात्रा, माझी लग्नं, हरवलेली सासू, जावयाचा राग, सगळं ह्या दोन चिंध्यांमधून बाहेर पडलं होतं. आंब्याच्या वाळलेल्या कोयीवरच्या धाग्यांसारख्या पांढऱ्या. मला त्यांची दया आली.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "थांबू नका. मोठा श्वास घ्या आणि बोला."

"मुहूर्त जवळ आला आहे. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मुलीचे मामा. मुलीचे मा..."

पुढचा 'मा' आलाच नाही. ओठ हलले, छाती हलली, हवा गेली, पण आवाज नव्हता. मी परत प्रयत्न केला. नव्हता. माझ्या आत कुणीतरी दिवा बंद करून दार ओढून घेतलं होतं. मी जिवंत होतो, शुद्धीत होतो, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला काहीही म्हणता येत नव्हतं. मरणाची मला एरवी जी भीती वाटते, ती तेव्हापासून वेगळी झाली. मला आता माहीत आहे ते कसं असेल.

मॅडमनी पडद्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं. "पोचलो," त्या म्हणाल्या. मग माझ्या कपाळावर हात ठेवला. "छान बोललात. आता झोपा."

जागा झालो तेव्हा नाकात नळी तशीच होती, गालात कापूस ठासलेला. पहिल्यांदा हात गळ्याकडं गेला. बोटाला सलग कातडी लागली. निळी रेघ घामानं फिसकटली होती. रेघ होती आणि भोक नव्हतं. मी पुन्हापुन्हा तिथंच हात फिरवत राहिलो, तेव्हा सिस्टरनी हात धरून ठेवला.

नळी निघाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काहीतरी बोला." मी खूप विचार करून ठेवला होता, काय बोलायचं. निघालं ते एक खरखरीत, ओलं 'मंडळी'. बायको म्हणाली, "बास. गप बसा आता," आणि तोंड फिरवून खिडकीकडं उभी राहिली.

पुढचं सगळं काड्यांचं. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, सवय झाली की मध्ये आणखी एक सरकवायची. रोज. रडू येतं इतकं दुखतं. आता दोन बोटं जातात. तिसरं जाईल असं वाटत नाही. 'श' आणि 'स' माझ्याकडून एकच निघतात, आणि 'सौभाग्यवती' म्हणताना बारीक शिट्टी वाजते. तपासणीला जातो तेव्हा सर्जन गालात बघतात आणि दार उघडंच ठेवतात. मी दाराकडंच बघत असतो.

पहिला कार्यक्रम मिळाला तो शिरूर कासारला. ऊसतोडीवरून माणसं परतली होती, गावात लग्नांची गर्दी होती, कुणी दुसरा निवेदक मोकळा नसेल. भाईनं स्पीकर लावले. दवाखान्यानंतर आम्ही भेटलो होतो, फोनवर बोललो होतो, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. त्यानं माईकवर दोनदा टकटक केलं. डावा हात सवयीनं पुढं आला, उघडला, आणि मध्येच थांबला. आम्ही दोघांनी त्या तळहाताकडं बघितलं. मग त्यानं हात मागं घेतला आणि चिमूट स्वतःच्या तोंडात घातली. घातली म्हणजे दातांच्या फटीतून बोटाच्या टोकानं आत ढकलली. एकदा ढकलली, गेली नाही, परत ढकलली. वायर भोकात बसत नसली की तो ढकलतो तशी.

मी 'मंडळी' म्हणालो. शिट्टी वाजली नाही, त्यात 'स' नाही. अक्षता पडल्या. मुलीचे मामा वेळेवर आले. घास भरवायच्या वेळी मी नवरीला नाव घ्यायला सांगितलं, लोक हसले, आणि सगळा वेळ माझं लक्ष बाजूच्या साउंडच्या मिक्सरकडं होतं. यजमानांनी भाईला तिथंच पान वाढून आणलं होतं. तो जिलबीचे बारीक तुकडे करत होता. मग ते वरणात बुडवत होता.

मांडव रिकामा झाल्यावर मी त्याच्या शेजारी पेटीवर बसलो.

"भाई, तोंड उघड."

"कावून?"

"उघड तर."

"उघडलंय की बे," तो म्हणाला. त्याचे ओठ हलले, दात तिथंच राहिले.

"उद्या मॅडमकडं जाऊ."

"उद्या परळीला लग्न हाय."

"परवा?"

"परवा बघू." तो उठला. स्पीकरजवळ जाऊन तो वायर कोपरावर गुंडाळू लागला. तिथंच खुर्चीवर ठेवलेला माईक मी बंद करायचा विसरलो होतो, म्हणून त्याचं पुढचं बोलणं रिकाम्या मांडवभर घुमलं, दातांमधून दाबून आलेलं, जाड, आणि माझ्या जुन्या आवाजासारखं वजनदार. "लई बोलतोस तू उस्ताद," तो म्हणाला. "माईक बंद कर. आता कुणी न्हाई ऐकायला."